लिंबू बांधलेली गाडी

दर रविवारी काष्टीच्या डांबरी रस्त्यावर पोरं मोटारसायकलींची शर्यत लावायची आणि वृषालीचा दीर पार्थ त्यात सगळ्यांच्या पुढे. सासूबाई त्याला अडवायचं सोडून गाडीला लिंबू-मिरची बांधायच्या. सांगून सांगून वृषालीचं तोंड दुखलं होतं.

आज तिनं आपल्या चिमुरड्या दिशाला उचललं आणि थेट शर्यतीला निघालेल्या पार्थच्या पुढ्यात, गाडीच्या टाकीवर बसवलं. दिशा खुशीत हॉर्न दाबू लागली.

"हिलाबी न्या शर्यतीला, भावजी."

"डोकं फिरलं का, वहिनी? पडली म्हंजी?"

"लिंबू बांधलंय की."

सासूबाईंनी धावत येऊन नातीला ओढून घेतलं. "लिंबानं काय हुतंय, बया?" असं बोलून गेल्या आणि त्यांची नजर गाडीला बांधलेल्या लिंबावर गेली.

मग त्यांनीच गाडीची चावी काढून कमरेला खोचली.