दक्षिणेची रांग

तहानीने वायरचं भेंडोळं टोपलीत ठेवलं आणि मान वर करून हाक मारली, "ओढा, फौजियामावशी! पण जपून. कांदे-बटाटे नाहीत त्यात."

"आज गुड फ्रायडे, चूल पेटणार आहे का, कांदे-बटाटे मागवायला?" तिसऱ्या मजल्यावरच्या सज्ज्यातून फौजिया दोरी ओढत म्हणाली. "आणि हळू बोल. ते जागे आहेत, उगाच प्रश्न विचारत बसतील."

टोपली डुलत वर गेली. गल्ली इतकी अरुंद, की चर्चच्या खिडकीतून हात लांबवला तर समोरच्या सज्ज्यातले कपडे काढता यावेत. त्या सज्ज्यामागच्या खोलीत फौजियाचे पती मुअल्लिम लमई खाटेला खिळून होते.

मुअल्लिम म्हणजे चर्चमधले गायनगुरू, आणि हे जन्मांध. मल्लवी गावातल्या या चर्चमध्ये पन्नास वर्षं त्यांनी दक्षिणेची रांग सांभाळली होती. प्रार्थनेत गाणारे शमास दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात. उत्तरेच्या रांगेने कडवं म्हणायचं, दक्षिणेच्या रांगेने उत्तर द्यायचं. उपासाच्या दिवसांत मुअल्लिम जिन्यावर पडले, खुबा मोडला, आणि दक्षिणेची रांग त्यांच्या शिष्याकडे, अबानूबकडे आली. डॉक्टरांनी फौजियाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुढच्या वर्षीचा ईस्टर धरून चालू नका.

तहानी मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची आणि बारा वर्षं चर्चचा आवाज सांभाळायची. तिने मुअल्लिमांना मोबाईलवर चर्चमधली प्रार्थना थेट लावून दिली होती, पण मोबाईलवरचा आवाज वीस सेकंद उशिरा यायचा. मुअल्लिम त्याला उत्तर द्यायला तोंड उघडायचे, तर खिडकीतून अस्पष्ट ऐकू येणारी रांग कधीच पुढे गेलेली असायची. त्यांनी अबानूबला बोलावून त्याचा कान पिळला होता. "दोन मुलांचा बाप झालास आणि गाताना पळतोस? थांबायला शिकवलं होतं ना मी?" अबानूब तहानीकडे आला, आणि दोघांनी ही वायर ठरवली.

"तहानी, एक वायर कळली मला," मागून आवाज आला. धर्मगुरू अबूना बिजीमी काळा झगा सावरत उभे होते. "त्यांना ऐकू जावं म्हणून. दुसरी कशाला?"

"खाटेपाशी माइक ठेवतेय. त्यांचा आवाज इकडे यावा म्हणून, अबूना."

"नाही."

"अबूना, ते गेली पन्नास वर्षं..."

"पन्नास वर्षं ते इथे उभे होते. माझ्या आधीच्या गावात मुअल्लिम आजारी पडला, तर लोकांनी टेप लावली. दोन महिने माणसं एका डबड्यासमोर हात जोडून उभी राहिली. मी तेव्हाच ठरवलं, माझ्या चर्चमध्ये प्रार्थना यंत्रातून येणार नाही."

"पण ही टेप नाही ना. जिवंत माणूस आहे."

"मला माहीत आहे. दोन्ही वायरी राहू देत, त्यांचा जीव रमेल. पण त्यांचा आवाज लोकांपर्यंत जाणार नाही. शब्द दे."

तहानीने शब्द दिला. दुसरं काय करणार?

दुपारपर्यंत चर्च माणसांनी खच्चून भरलं. खांबांना काळं कापड, कडकडीत उपास, मेणबत्त्यांचा उकाडा. तहानी बायकांच्या बाजूला, सगळ्यांत मागे, डोक्यावरच्या ओढणीवर हेडफोन चढवून आवाजाच्या मिक्सरशी बसली होती. तिचं काम असं, की ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येऊ नये. म्हातारीला वचनं ऐकू यावीत, पोराच्या रडण्याने ती बुडू नयेत, अबूनांचा घसा बसलाय हे कुणाला कळू नये, सगळं ती दोन बोटांनी बघायची. आणि आज हेडफोनमध्ये, तिच्या एकटीच्या कानात, मुअल्लिम गात होते. उत्तरेचं कडवं संपलं की दक्षिणेचं उत्तर अचूक जागी. आवाज थकलेला होता, पण सूर एवढासाही ढळत नव्हता. एवढं मोठं चर्च, आणि हे ऐकणारी मी एकटी.

सूर्य मावळताना, बाराव्या तासाच्या प्रार्थनेत, दफनाचं लांबलचक स्तोत्र सुरू झालं. एकेक अक्षर मिनिटभर चालतं त्यात. तिसऱ्या उत्तराला अबानूब चुकला. त्याने वळण घेतलं ते भलतंच, मागचे शमास दोन वाटांना फुटले, आणि रांग गप्प झाली. उत्तरेची रांग वाट बघत राहिली. लोकांनी माना वर केल्या. हेडफोनमध्ये मात्र मुअल्लिम तेच वळण शांतपणे चढत होते.

तहानीने शब्द आठवून पाहिला. लोकांपर्यंत नाही.

शमासांच्या पायाशी एक छोटा स्पीकर असतो, गाणाऱ्यांना आपला सूर कळावा म्हणून. त्याचं तोंड शमासांकडे, पाठ लोकांकडे. तिने मिक्सरवरची मुअल्लिमांच्या आवाजाची सरकपट्टी फक्त त्या स्पीकरसाठी उघडली, अगदी दोन बोटं.

अबानूबने दचकून खाली पाहिलं. मग डोळे मिटले आणि तो त्या आवाजामागून चालू लागला, आणि त्याच्यामागून सगळे. मुअल्लिम जिथे श्वास घ्यायचे तिथे रांग श्वास घेऊ लागली. लोकांना एवढंच कळलं, की दक्षिणेची रांग सावरली, आणि नुसती सावरली नाही, पूर्वीसारखी गाऊ लागली. पुढच्या बाकावरची एक म्हातारी रडायला लागली, तिला कारण सांगता आलं नसतं.

पण अबूना स्पीकरपासून चार पावलांवर उभे होते. त्यांनी मान वळवली, थेट तहानीकडे पाहिलं. तिने पट्टीवरचा हात काढला नाही.

उत्तर संपलं. अबूना चालत शमासांपाशी गेले. आता ते वायर उपटणार, असं तिला वाटलं. अबूना गुडघ्यावर वाकले, दोन्ही हातांनी तो जड स्पीकर उचलला आणि त्याचं तोंड लोकांकडे फिरवून ठेवला. मग झगा झटकून आपल्या जागी परतले.

उत्तरेच्या रांगेने कडवं म्हटलं. मुअल्लिमांचा आवाज निघाला, चर्चभर पसरला आणि खिडकीतून गल्ली ओलांडून परत त्यांच्याच खोलीत गेला. पन्नास वर्षांत मुअल्लिमांनी बाहेरून येणारा आपला आवाज कधी ऐकला नव्हता. ते मधेच थांबले.

"फौजिया," स्पीकरमधून साऱ्या चर्चला ऐकू आलं, "आत कोण गातोय गं? म्हातारा दिसतोय. पण शिकलेला आहे हं."

आवाज बंद करायला तहानीचं बोट पट्टीवर गेलं, पण तिने ती खाली ओढली नाही.

"गप्प बसा," फौजियाचा रडका आवाज आला. "थांबू नका. तुमचीच पाळी आहे."

मग मुअल्लिमांनी घेतलेला श्वास सगळ्यांनी ऐकला.