टाकी एक, मजले चार

सूनबाईने सगळ्यांच्या मागे लागून इमारतीच्या चारही मजल्यांवर कपडे धुण्याचं एकेक सामाईक यंत्र बसवून घेतलं, तेव्हा सासऱ्यांना तिचा केवढा अभिमान वाटला होता! घरटी वेगळं यंत्र कशाला, हे तिने भल्याभल्यांच्या गळी उतरवलं. पण पुढे पाळीवरून भांडणं इतकी माजली की सेक्रेटरींनी बजावलं, "रविवारच्या बैठकीपर्यंत घडी बसली नाही, तर यंत्रं विकून टाकू."

दुसऱ्या मजल्यावर मात्र कधी आवाज चढला नव्हता. तिथे सगळे सकाळीच, ठरल्या पाळीने धुवायचे. सूनबाईने तीच पद्धत सगळ्या इमारतीला लावली. चौथ्या मजल्यावरच्या सिस्टरबाई तेवढ्या अडून बसल्या.

"माझी इस्पितळात रात्रपाळी असते बाई. सकाळी मी घोरत असते. तुझं शहाणपण दुपारी पाठव."

दुसऱ्याच सकाळी गच्चीवरच्या एकुलत्या एक टाकीने तळ गाठला. चालू असलेली सगळी यंत्रं फेसातच थांबली आणि सगळ्यात मोठी जुंपली ती दुसऱ्या मजल्यावर.

संध्याकाळी सूनबाई जिन्यात मटकन बसली. "बाबा, हीच पद्धत तिथे इतके दिवस नीट चालली. आता काय बिघडलं?"

सासऱ्यांचा जन्म शाळेत शिकवण्यात गेला होता. उत्तर ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "सिस्टरबाईंचे कपडे धुऊन निघाले का गं?"

"निघाले की. त्या दुपारी धुतात, तोवर टाकी पुन्हा भर..." ती थबकली आणि कपाळावर हात मारून हसलीच. "अहो बाबा! बाकीचे सकाळी धूत नव्हते, म्हणून दुसऱ्या मजल्याचं निभत होतं! मी त्यांची वेळ उचलली, पण भरलेली टाकी कुठून उचलणार?"

रविवारी बैठकीत तिने आधी "चुकलं माझं" म्हटलं. सासरे मागच्या खुर्चीत ताठ झाले. किती सहज म्हणाली पोर!

"प्रत्येक मजल्याने आपली रीत आपण शोधायची," ती म्हणाली. "दुसऱ्याचं चांगलं दिसलं तर उचला, पण आपल्याकडे रुजतंय का बघा. नाही रुजलं तर सोडा. नियम एकच. टाकी बघून यंत्र लावायचं."

"आणि कुणी हटून बसलं तर?" सेक्रेटरींनी सिस्टरबाईंकडे पाहिलं.

"बसू दे. त्या हटून बसल्या नसत्या, तर मला काही कळलंच नसतं."

"ऐका!" सिस्टरबाई म्हणाल्या. "मला पहिल्यांदाच कुणी शहाणी म्हणालं."

"महिनाभर बघू," सेक्रेटरी पुटपुटले.

महिना सरला, तरी विक्रीचं कुणी नाव काढलं नाही. तिसऱ्या मजल्याने दुपार धरली, पण सुट्टीच्या दिवशी ती सोडून दिली. पहिल्या मजल्याने दुसऱ्या मजल्याची पाळीची रीत घेतली, पण ती संध्याकाळी लावली. एका संध्याकाळी खुद्द सेक्रेटरी चादरींचं बोचकं घेऊन जिन्यात दिसले.

"मास्तर, टाकीत पाणी किती आहे हो?"

सासऱ्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "वर जाऊन बघा की."