पावलाआधीचं पाऊल

मित्रांनो, मी जिथे राहतो तिथे कधीच उजेड पडलेला नाही. दार नाही, खिडकी नाही. बाहेरचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू येतं आणि बाकीचं अंगातून कळतं. मी एक म्हातारं हृदय आहे. एका बाईच्या छातीत, जरा डावीकडे कललेलं, तिच्या मुठीएवढं. घाबरू नका. तुमच्याही आत असाच एक जण अंधारात बसलेला आहे आणि तुम्ही हे वाचत असताना तो ऐकतो आहे.

तिला नाक-डोळे यायच्या आधीच मी सुरू झालो. मला कुणी शिकवलं नाही. पुढे तिचं सगळं शरीर माझ्याभोवती हळूहळू बांधलं गेलं आणि मी आत राहिलो तो राहिलोच.

माझं काम दोनच गोष्टींचं. मिटायचं आणि उघडायचं. मिटलो की रक्त बाहेर जातं, उघडलो की आत येतं. लोक मिटण्याचं कौतुक करतात. उघडण्याकडे कुणी बघत नाही, कारण ते दिसायला विश्रांतीसारखं दिसतं.

ती तरुणपणी हातमोज्यांच्या कारखान्यात लागली. पहिल्या दिवशी ती दारातच थबकली आणि मीही गडबडलो. समोर भिंतीला लागून लाकडी पंजे उभे होते, रांगेने, बोटं वर करून. शिवलेला मोजा त्यांच्यावर चढवून आकाराला आणायचा असतो. पुढे तिला त्यांची इतकी सवय झाली की येता-जाता एखाद्याला टाळी द्यायची. काम नाजूक होतं. चामडं ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायचं आणि ओलसर आहे तोवर शिवून टाकायचं. वाळलं की ते आडमुठेपणा करतं, सुई आत घेत नाही. तिचे टाके असे बारीक की नव्या मुली बघायला यायच्या. हळूहळू सगळे तिला मोठ्या बाई म्हणू लागले. तिची धाकटी बहीण शेजारच्याच टेबलावर चामडं कापायची. दोघी राहायच्याही एकत्र आणि भांडायच्याही एकत्र.

मधल्या वयात मोठ्या बाईंचा रक्तदाब वाढला. गोळ्या मिळाल्या, पण डोकं दुखलं तरच त्या घेतल्या जायच्या. मला मात्र रोजच जोर लावावा लागे. जोर लावून लावून माझ्या भिंती जाड झाल्या. मी पैलवान होतोय असं मला वाटलं. जाड झालेली भिंत ताठ होते, हे मला ठाऊक नव्हतं.

मग ते पाऊल आलं.

माझा ठोका पडायच्या अगदी आधी, हलकंसं, कुणीतरी अनवाणी पाय टाकल्यासारखं. मला थांबून कान देता येत नाही, थांबणं मला परवडत नाही. पण प्रत्येक ठोक्याआधी ते यायचं. इतकी वर्षं मी इथे एकटा होतो. आता घरात दुसरं कुणीतरी होतं.

तिलाही ते जाणवत असावं. कारखान्याचा जिना चढताना ती मध्येच थांबायची आणि मागे वळून बघायची.

"ताई, काय बघतेस गं?" धाकटी विचारायची.

"कुणी येतंय का मागून?"

"कोण येणार? आपण दोघीच म्हाताऱ्या. दम लागला म्हण की सरळ."

"दम कसला? मेल्यांनी पायऱ्या वाढवल्यात."

मित्रांनो, पायऱ्या तेवढ्याच होत्या. मी नीट उघडत नव्हतो. आत यायचं रक्त दाराशी ताटकळत उभं राही आणि मागे गर्दी होई. शेजारच्या फुप्फुसांच्या तळाशी पाणी साठू लागलं. जुन्या भिंतीला ओल चढावी तसं ते वर येत होतं, अजिबात आवाज न करता. संध्याकाळी तिच्या पायांवर चपलेचे पट्टे रुतलेले असायचे. आडवं पडलं की जीव घुसमटायचा. आधी एक उशी वाढली, मग आणखी एक, मग ती खुर्चीतच टेकून झोपू लागली.

धाकटी तिला तपासणीला घेऊन गेली. तिथे गार जेल लावून कुणीतरी छातीवर एक यंत्र टेकवलं आणि अंधारात पहिल्यांदाच माझ्यावर नजर पडली. अंगावर काटा यावा तसं वाटलं. आता याला सगळं कळणार, मी म्हटलं.

"पंपिंग एकदम छान आहे, मावशी," यंत्रावरचा माणूस म्हणाला. "तरुणासारखं."

त्याने माझं मिटणं तेवढं पाहिलं होतं.

"ऐकलंस?" बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली. "ठणठणीत आहेस. वजन कमी कर आणि सोंगं कमी कर."

मोठ्या बाई स्वतःलाच आळशी समजू लागल्या. पुढच्या महिन्यापासून कामावर येणार नाही, असं त्यांनी कारखान्यात सांगूनही टाकलं. काम सुटलं असतं तर त्या खुर्चीतून उठल्या नसत्या आणि ओल चढत चढत माझ्यापर्यंत आली असती.

पण चपलेत पाय मावेना, तेव्हा धाकटीच धास्तावली. तिने ताईला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. या बाईंनी ताईला डाव्या कुशीवर वळवलं, नळी टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

"इथे एक जास्तीचा आवाज आहे," त्या म्हणाल्या. "ठोक्याच्या जरा आधी."

मोठ्या बाईंनी मान वर केली. "तुम्हालाही ऐकू येतो?"

"येतो ना."

"कोण आहे ते?"

"कुणी नाही. तुमचंच हृदय आहे. वरचा कप्पा खालच्या कप्प्यात रक्त ढकलतो, पण खालची भिंत ताठ झाली आहे. त्याचा आवाज."

मित्रांनो, मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. ज्याला मी परका समजत होतो, तो मीच होतो.

"पण पंपिंग छान आहे म्हणाले," धाकटी कुरकुरली.

"मिटतंय छान. उघडत नाही. पुन्हा तपासून घेऊ, या वेळी उघडणं बघायला सांगते."

"म्हणजे मोजा फाटलेला नाही," मोठ्या बाई सावकाश म्हणाल्या, "पण बोटं आत जात नाहीत."

"अगदी तसंच."

"मग ओला करून ताणता येईल?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "तेवढं नाही जमत हो. ताठपणा सगळा जाणार नाही. पण त्याच्यावरचं ओझं कमी करता येतं."

नव्या तपासणीतही तेच निघालं. मग रक्तदाबाची गोळी रोज सुरू झाली, डोकं दुखो वा न दुखो. साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी एक गोळी आली. मधुमेहासाठी निघालेली, पण माझ्यासारख्यांनाही उपयोगी पडणारी दुसरी एक आली. मीठ कमी झालं. रोज सकाळी वजन करायचं आणि ते एकदम वाढलं तर फोन करायचा, असं ठरलं. झेपेल तेवढं चालायचं. ओल उतरली. मोठ्या बाई पुन्हा पाठ टेकून झोपू लागल्या आणि काम सोडायचं त्यांनी रद्द केलं.

इथे एक घोटाळा झाला. त्या पाण्याच्या गोळीने सारखं उठावं लागे आणि कारखान्याचा संडास होता दोन जिने खाली. जाऊन येईपर्यंत चामडं वाळायचं. तेव्हा कामाच्या दिवशी मोठ्या बाईंनी ती गोळी गुपचूप गाळायला सुरुवात केली. वजनकाट्यावरही त्या दिवशी चढायच्या नाहीत. मला कळत होतं. मी कुणाला सांगणार? ओल पुन्हा चढू लागली.

एका सकाळी टेबलाशीच त्यांना धाप लागली. धाकटीने वाकून त्यांचे पाय पाहिले.

"गोळी घेतलीस?"

मोठ्या बाईंनी पाय टेबलाखाली ओढून घेतले.

"ताई, मी विचारतेय काहीतरी."

"चामडं वाळतं गं."

धाकटी उठून उभी राहिली. "चामडं वाळतं म्हणून तू बुडणार?" मग त्या लाकडी पंजांसमोर ती लहान मुलीसारखी रडली. रडतारडताच तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मोठ्या बाई चार दिवस इस्पितळात काढून घरी आल्या आणि गोळी पुन्हा रोज सुरू झाली.

मित्रांनो, घरातलं कुणी जिन्यावर थांबून मागे बघत असेल तर त्याला हसू नका. उशा वाढल्या, चपला घट्ट झाल्या, तर विचारा. एक तपासणी चांगली आली म्हणून गप्प बसू नका. आणि गोळी नकोशी का झाली, तेही विचारा. माणसं कारण सांगत नाहीत, लाजतात.

मी अजून ताठच आहे. एक दिवस मी मिटेन आणि पुन्हा उघडणार नाही. तो दिवस आज नाही. आज धाकटीने आपलं टेबल ताईच्या टेबलाला जोडलं आहे. ताई संडासला खाली गेली की ती कात्री बाजूला ठेवते, ओल्या फडक्यात ते चामडं दोन्ही हातांनी दाबून धरते आणि जिन्याच्या तोंडाकडे बघून ओरडते,

"सावकाश ये. माझे हात गारठले तरी चालतील."