सातव्या खळग्याची वाळू

नगरच्या गोऱ्या साहेबांना उन्हाळा सोसवेना, म्हणून १९४३ साली त्यांनी डोंगरमाथ्यावर बंगले बांधले आणि गोल्फचं मैदानही केलं. कातळावर हिरवळ धरते होय! शेवटी त्यांनी हात टेकले आणि चेंडू ज्या खळग्यात घालायचा, त्याच्याभोवती मोटारीचं जळकं तेल पाजलेली वाळू पसरली. खेळ झाला की वाळूवरून गोणपाट ओढून ती गुळगुळीत करायची, हे पायथ्याच्या गावच्या हैदरचं काम. कामाबरोबर मैदानाच्या कडेला खोली मिळाली, तसा तो म्हाताऱ्या आईला, बद्रुन्निसाला, वर घेऊन आला.

सातव्या खळग्याशी मात्र रोज सकाळी पावलं उमटलेली असत. अनवाणी, तीन-चार वर्षांच्या लेकराची. खळग्यापासून निघून वाळूतच संपलेली. डोंगरावर तर एकही पोर नव्हतं.  इकडंतिकडं न बघता हैदर गोणपाट ओढायचा.

न राहवून त्यानं आईला सांगितलं. म्हातारी म्हणाली,

"पलेगात समदं गाव हितंच झोपड्या घालून ऱ्हायलं हुतं. तुजी थोरली भन मेहताब हितंच गेली. बायांना मातीला जाऊ देत न्हाईत. कुटं पुरली, ते तुज्या बापानं मरंस्तवर सांगितलं न्हाई. पावलं कुनीकडं चालल्यात?"

"आपल्या खोलीकडं."

"मंग ती घरी निघालीया, आन् तू पुसतुयास! रोज पयल्यापास्नं निघावं लागतं लेकराला. पाया पडते, गोनपाट लावू नगंस."

हैदरनं सातवा खळगा तसाच सोडला. पावलं रोज थोडी पुढं सरकू लागली आणि एका सकाळी वाळूच्या कडेला येऊन टेकली. नेमका तेव्हाच साहेब उगवला. वाळू बघून तो भडकला. आत्ताच्या आत्ता साफ कर, नाहीतर खोली सोड, म्हणाला. म्हातारीला घेऊन जायचं कुठं? हैदरनं दात-ओठ खाऊन गोणपाट ओढलं.

त्यानंतर वाळू कोरीच राहिली. म्हातारीनं अन्न सोडलं. दाराशी बसून ती सारखी विचारी, "आली का रं?"  गावात शेजारच्या लंकाबाई गौरी आणताना मुठीनं पावलं उमटवायच्या, ते हैदरनं लहानपणी पाहिलं होतं. एका संध्याकाळी आत वाकळेवर म्हातारीचा डोळा लागल्यावर त्यानं वाळूच्या जळक्या तेलात मूठ बुडवली आणि सातव्या खळग्यापासून थेट आपल्या उंबऱ्यापर्यंत पावलं काढली. आईला फसवतोय याची त्याला लाज वाटली, पण ती दोन घास तरी खाईल. तो बाहेरच ओट्यावर आडवा झाला.

सकाळी दार उघडं होतं. हैदर मान खाली घालून आत जायला निघाला आणि थबकला. त्यानं काढलेली पावलं उंबऱ्याशी संपली होती. आत सारवलेल्या जमिनीवर मात्र ती तशीच पुढं गेली होती, म्हातारीच्या वाकळेपर्यंत.

"आम्मा!" तो ओरडला.

बद्रुन्निसानं ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हातानं ती वाकळ हळूहळू थोपटत होती.

"हळू बोल की," ती म्हणाली. "आत्ता कुटं डोळा लागलाय तिचा."