कमाईचं पान

“पुन्हा वाच,” मटार सोलता सोलता आई म्हणाली.

मुलानं पुन्हा वाचलं. ग्राहकांशी दीर्घकालीन नात्यातून शाश्वत मूल्यनिर्मिती.

“तुमची कंपनी लग्नं जुळवते का रे?”

त्यानं कागद चुरगळला. हा मुलगा साठीला टेकलेला, पाणी शुद्ध करायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत हिशेबनीस. कंपनी पैसे कसे कमावते, हे सांगणारं वार्षिक अहवालातलं पान दर साली लिहायला त्याच्याकडे यायचं, आणि छापायला जाण्याआधी आईच्या कानावर पडायचं. तिला ते आपल्या शब्दांत सांगता आलं नाही, तर चूक वाक्याची, आईची नव्हे. ऑफिसात त्याला सगळे सोपेकाकाच म्हणत. शब्द कानातून काळजात उतरला पाहिजे, नाहीतर नुसती घसाफोड.

काकांनी नव्यानं लिहिलं. यंत्र आम्ही तोट्यात विकतो. नफा येतो तो आतल्या फिल्टरमधून. तो दर वर्षी बदलावा लागतो, आणि तिथे दुसऱ्या कुणाचा बसत नाही.

“म्हणजे यंत्र हे गळाचं गांडूळ,” आई म्हणाली. पान पास झालं.

साहेबांकडे मात्र अडलं. आहे खरं, पण घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडायचं, असं त्यांचं म्हणणं. मग सहज बोलावं तसं ते बोलले, की काकांच्या नोकरीच्या दोन वर्षांच्या मुदतवाढीचा कागद सहीला आलाय. काकांच्या धाकट्या मुलीचं शिक्षण तेवढंच उरलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

काकांनी पान साहेबांपुढे सरकवलं.

“साहेब, उद्या कुणी आपल्या यंत्रात बसेल असा स्वस्तातला फिल्टर काढला, तर आपण बुडालो. ज्यानं आपल्या भरवशावर शेअर घेतलेत, त्याला हे आधी कळायला नको? दुसऱ्याकडून लिहून घ्या, माझी ना नाही. माझी सही तेवढी मागू नका.”

काकांच्या सहीशिवाय ते पान संचालकांपुढे न्यायची साहेबांची छाती झाली नाही. अहवालात वाक्यं जशीच्या तशी छापून आली. मुदतवाढ तेवढी आली नाही. काकांनी घरी सांगितलं, तेव्हा धाकटी म्हणाली, मी शिकवण्या धरते. देव असल्या माणसांना श्रीमंत करत नाही, पण त्यांच्या जिभेवर बिऱ्हाड करतो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी बायकोनं सवयीनं पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावला. लक्षात आलं तशी ती तो उतरवायला गेली. काकांनी तिच्या हातातून घेतला, अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली, भांग पाडला आणि पिशवी घेऊन भाजीला निघाले.