आबांनी सांगितलेलं जळगाव

जळगावच्या दवाखान्यात कामिनी औषधं घेऊन वर आली तेव्हा आबांची खाट रिकामी होती. दवाखान्याचा निळा झगा घडी घालून उशीवर ठेवलेला आणि त्यावर त्यांचा मोबाईल. खुंटीवरचं धोतर, सदरा नि टोपी मात्र नव्हती. तिनं संडासाचं दार वाजवलं, जिना पाहिला, गच्चीवरही जाऊन आली. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "बाबा मघाशीच गेले. जरा पाय मोकळे करून येतो म्हणाले."

कामिनीच्या सासऱ्यांच्या, बन्सीलाल आबांच्या अन्ननळीत गाठ होती. दिवाळीपासून पेज आणि ताक सोडून काही उतरत नव्हतं. मध्ये एकदा भाताचं शीत अडकलं तर डोळे पांढरे झाले होते. उद्या सकाळी ऑपरेशन, आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं की घट्ट काही तोंडात घालायचं नाही. नवरा योगराज सकाळीच रावेरकडे परतला होता. केळीची कापणी लागलेली, बांधावर ट्रक उभा. तो संध्याकाळशिवाय येणार नव्हता. धाकटे दीर हितेंद्र धुळ्याला नोकरीवर. त्यांना फोन केला असता तर त्यांनी तिथूनच सगळा दवाखाना डोक्यावर घेतला असता.

तिनं घरी सासूबाईंना फोन लावला.

"आई, आबा निघून गेले."

पलीकडून धुरपदाबाई अगदी सावकाश म्हणाल्या, "टोपी घालून गेले का?"

"हो."

"मंग खायले गेले. तू पहिले टेशनवर जाय. कचोरीवाला पाह्य."

धुरपदाबाईंनी जळगावातलं एकही हॉटेल पाहिलेलं नव्हतं. कामिनीनंही नाही. पण दोघींना ती सगळी पाठ होती. आबा केळीच्या कामानं टोपी घालून जळगावला जायचे आणि रात्री जेवताना ताटातलं चिवडत शहरातलं जेवण सांगत बसायचे. स्टेशनसमोरची कचोरी कशी फोडायची, चटणी कुठून ओतायची. दाणा बाजाराच्या बोळातला जिलबीवाला कढईवर कसा वाकतो. नेरी नाक्याकडे हिरव्या वांग्यांचं भरीत, वर कांद्याची पात. आणि शेवटी बसस्टँडजवळ भिंतीवर मोर काढलेलं हॉटेल, तिथली शेवभाजी. दोघी वाढत राहायच्या आणि ऐकत राहायच्या. लग्नानंतर नवी असताना कामिनी एकदा म्हणाली होती, आबा, आमच्यासाठी बांधून तरी आणा. ते म्हणाले, बांधून आणलं की त्याची मजा जाते. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण ते ती विसरलीही नाही.

रिक्षा टॉवर चौकात अडकली. लग्नसराई, सोन्याच्या दुकानांसमोर गाड्यांची दाटी. कामिनी सीटच्या टोकाला बसली होती, एक पाय जवळजवळ बाहेर. फुटपाथवरच्या प्रत्येक पांढऱ्या टोपीमागे तिची मान वळत होती. शेवटी तिनं रिक्षा तिथंच सोडली आणि चालत निघाली. चालत कसली, पदर खोचून जवळजवळ पळतच.

कचोरीवाल्याला जास्त सांगावं लागलं नाही. "उंच आहेत, मिशा पांढऱ्या? आले होते. एक घेतली, फोडली, चटणी ओतली. नुसता वास घेतला बघा. मग पैसे दिले आणि गेले. मी म्हटलं बाबा, बिघडलीय का? तर म्हणाले, नाही रे, ब्येस शे."

म्हणजे खाल्लं नव्हतं. तिच्या जिवात जीव आला आणि लगेच उडालाही. इथं नाही खाल्लं. पुढं खाल्लं तर? बोळातल्या जिलबीवाल्याकडं ते जिलबीचा एक वेढा घेऊन बाकावर बसले होते. त्यांनी पाक चाटला, असं तिथली बाई म्हणाली. मग खोकला आला, पाणी मागितलं, तेही धड गेलं नाही. उरलेली जिलबी तशीच द्रोणात ठेवून ते उठले.

"कुठे गेले?"

बाईनं नुसता हात हलवला. रस्ता तिकडं दोन बाजूंना फुटत होता.

फोन वाजला. धुरपदाबाईच. "सापडले?"

"नही, आई. आता भरीतवाल्याकडं जाते."

"तिकडं नको जाऊ. भरिताले रांग राह्यते, त्यायच्यानं उभं राहवनार नही आता. तू मोराकडं जाय." आणि मग वेगळ्याच आवाजात, "कामिनी, ते गाडीत बसून घरी यायले तं निघाले नसतीन?"

हा विचार कामिनीच्या मनात आला नव्हता. बसस्टँड आणि मोराचं हॉटेल शेजारीशेजारी. ती आधी स्टँडवर शिरली. रावेरच्या गाडीत चढून तिनं एकेक सीट पाहिली. कंडक्टर म्हणाला, ताई, बसा तरी किंवा उतरा तरी. धुळ्याची गाडी सुटत होती. कशाला कोण जाणे, पण तिच्याही खिडक्यांखालून ती धावत गेली. आबा कशातच नव्हते. तोंडाला कोरड. सकाळपासून आपणही काही खाल्लेलं नाही हे तिला तिथं, फरशीवर उभं असताना कळलं.

हॉटेलच्या भिंतीवर मोर होता, पण आबांनी सांगितला होता तसा नव्हता. रंग उडालेला, पिसाऱ्यावर मोबाईल रिचार्जचा कागद डकवलेला. आत गल्ल्यावरच्या माणसानं तिला पाहिलं आणि न विचारताच मागं बोट केलं. "फॅमिलीत बसवलंय. खोकत होते फार."

पडद्याआड आबा होते. समोर शेवभाजीची वाटी, तेलाचा लाल तवंग, शेजारी पोळीचा एकच तुकडा मोडलेला. तो रश्श्यात भिजून लगदा झाला होता. आबा त्याच्याकडं बघत बसले होते.

कामिनीला वाटलं होतं सापडले की रडू येईल. आला तो राग.

"आबा, तिकडं माझा जीव गेला असता. काही झालं असतं तर मी यांना काय तोंड दाखवलं असतं?"

"काही खाल्लं नही मी."

"जिलबी?"

"पाक व्हता फक्त." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय ते एकदम लहान दिसले. "बस. तू जेवली का?"

"मला भूक नही. उठा, रिक्षा आणते."

"बस म्हनतो ना." मग आवाज उतरला. "त्या खाटेवर बसवत नव्हतं मले. सारखं वाटे, उठाव आन् गाडी धरून घरी जाव. स्टँडवरबी जाऊन आलो. गाडी लागेल व्हती. पाय उचलना. म्हनून इकडं आलो. आता हे मागवलं, आन् हेबी जाईना." त्यांनी वाटी तिच्याकडं सरकवली. "तू खाय. मी पाह्यतो."

कामिनीनं आजवर सासऱ्यांसमोर बसून घास खाल्ला नव्हता. घरात ते जेवले की मग बाया. ती अवघडून बाकाच्या कडेला टेकली, पोळी मोडली, बुडवली. आबा तिच्या तोंडाकडं बघत होते, परीक्षेला बसवल्यासारखं.

"कशी शे?"

ती खोटं बोलू शकली असती. पण भूक लागली होती, राग पुरता गेला नव्हता, आणि घास खरंच तसा नव्हता. "तेल लय आहे. मसाला कच्चा राहिलाय. आईंच्या हातच्या भाजीपुढं ही काहीच नही, आबा."

आबांचे खांदे हलायला लागले. खोकला असावा म्हणून ती घाबरून उठली, तर ते हसत होते.

"मले माहीत शे," ते म्हणाले. "पहिल्यापासून माहीत शे. पन घरी येऊन काय सांगू? गाडीचा धूर, व्यापाऱ्याच्या दारात उभं राहनं? ते सांगन्यासारखं नही. मंग हे सांगे."

"मग आम्हाला आणायचं एकदा. आम्ही पाहिलं असतं."

"आनाले पायजे व्हतं," आबा म्हणाले. एवढंच म्हणाले. तिनं वाटी संपवली. तिखटानं नाक वाहत होतं, तरी संपवली.

रिक्षात तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरून ठेवली होती, आणि ते तिला उमगलं तेव्हाही तिनं सोडली नाही. दवाखान्यात नर्स जिन्यातच आडवी आली. पेशंट असा बाहेर गेलाच कसा, जबाबदारी कोणाची, वगैरे. आबा मान खाली घालून उभे.

"मी घेऊन गेले होते," कामिनी म्हणाली. "त्यांना मोकळ्या हवेत न्यायचं होतं. विचारायला हवं होतं, चुकलं माझं."

नर्सनं तिच्या साडीवरच्या रश्श्याच्या लाल डागाकडं पाहिलं आणि काही न बोलता आबांना आत नेलं.

संध्याकाळी योगराज आला, कपड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. हितेंद्रही आले. कामिनीनं दोघांना काही सांगितलं नाही. आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. झोपले नव्हते हे तिला पाठीवरून कळत होतं.

सकाळी त्यांना नेलं. दोघे भाऊ बाकावर बसले. कामिनीला बसवेना. ती खिडकीपाशी जायची, परत यायची, खाली जाऊन पाण्याची बाटली आणायची आणि न पिता ठेवून द्यायची. दारावरचा लाल दिवा दुपार झाली तरी विझला नाही. योगराज म्हणाला, जरा टेक ना. ती टेकली आणि पुन्हा उठली.

दुपार टळल्यावर डॉक्टर बाहेर आले. गाठ काढली होती. पुढचं तपासणीचा रिपोर्ट आला की सांगू, म्हणाले, पण आजचं चांगलं झालंय. योगराजनं डॉक्टरांना हात जोडले. हितेंद्र फोनकडं वळले.

"खाता कधी येईल त्यांना?" कामिनीनं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "काही दिवस नळीतूनच. मग आधी पाणी, तेही चमच्यानं. बाकीचं नंतर बघू."

तिनं मान हलवली. आत जाऊ देतील तेव्हा देतील. तोवर ती पुन्हा दवाखान्याच्या त्या लांब बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागली.