बाल्कनीतला सिग्नल जनरेटर

देवेशला छंदासाठी स्वस्तातला सिग्नल जनरेटर घ्यायचा होता. सर्किट तपासायला हव्या तशा लहरी सोडणारं ते एक खोकं. पण कोणतं घ्यावं हे म्हणे फक्त इरालाच कळत होतं. इरा त्याच्या ऑफिसातली, राहायलाही त्याच्याच भागात, कुवेंपुनगरात. रोज जेवण झालं की हा फोन घेऊन बाल्कनीत. "त्यात लहर स्वच्छ येते का गं?" बायकोशी इतक्या हळुवारपणे तो शेवटचं कधी बोलला होता, ते स्पृहाला आठवेना. तिचा नुसता जळफळाट व्हायचा. एक डबडं निवडायला दोन माणसं आणि इतके महिने?

शेवटी तिनेच सगळी माहिती वाचली, परवडणारा जनरेटर मागवला आणि आयुधपूजेला स्कूटरच्या किल्लीशेजारी मांडून त्याला हळदकुंकू वाहिलं. मिटला एकदाचा विषय!

देवेश हरखलाच. "अगं, हाच तर हवा होता!"

"पूजेतलं यंत्र आज चालवायचं नाही हं," ती लाडात म्हणाली.

"नाही चालवत," म्हणत तो फोन घेऊन बाल्कनीत गेला.

"इरा, जनरेटर आला! आता त्याच्या लहरी बघायला ऑसिलोस्कोप कोणता घ्यावा गं?"